बाळंतिणीची मुशी

वेणूबाईला समुद्राचं भय कधी वाटलं नाही. उधाणाच्या पाण्यात छातीपर्यंत उभी राहून तिने होडीतून मासळीच्या पाट्या उतरवून घेतल्या होत्या, आणि बोर्लीच्या बाजारात वाट्यावरून हुज्जत घालणारं गिऱ्हाईक कितीही मोठ्या घरचं असलं तरी तिने त्याला भीक घातली नव्हती. अशी ही बाई पन्नाशी उलटल्यावर वीतभर कापडाला भ्यायला लागली. ते कापड म्हणजे तिच्या नातवाचा लंगोट.

रोज सकाळी तिची सून केसर तो लंगोट पोराच्या खालून काढायची, दारातल्या उजेडाकडे धरायची आणि सासूच्या पुढे करायची. शेंबडासारखा बुळबुळीत मळ आणि त्यात रक्ताचे दोरे. कधी एक, कधी तीन-चार. ते बघितलं की वेणूबाई चटकन नजर काढून घ्यायची. दात येत असतील, असं ती म्हणायची. तीन महिन्यांच्या पोराला कसले दात, हे तिलाही कळत होतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. बोर्ली पंचतनापासून कोसभर खाली, खाडीच्या तोंडाशी पन्नास-साठ घरांचा कोळीवाडा होता. तिथे वेणूबाईचं घर. नवरा काळूराम जाऊन सहा वर्षं झाली होती. होडी मुलगा शिवदास चालवायचा, मासळी वेणूबाई विकायची, आणि सून आल्यापासून घर केसरवर सोपवल्याचं वेणूबाई चारचौघींत सांगायची. चूल मात्र तिने सोडली नव्हती. कुठली सासू सोडते?

पोराचं नाव चंदर. जन्मला तेव्हा चांगला टम्म होता. महिन्याभरात त्याचे गाल लाल झाले, मग त्यांतून पाणी सुटायला लागलं, मग कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत चट्टे उठले. दूध प्यायला की घटकाभराने पाय पोटाशी घेऊन असा किंचाळायचा की केसरने पोराला पाजलं हे सगळ्या आळीला कळायचं. भुकेलं पोर समोर आणि आई पदर सोडायला घाबरते, हे वेणूबाईने उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

बघायला येणारी प्रत्येक बाई एकेक औषध सांगून गेली. मीठ-मोहरी ओवाळून झाली, भगताचा काळा दोरा झाला, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं. शेवटी जनी सुईण आली. अर्ध्या कोळीवाड्याची नाळ तिने कापलेली, तेव्हा तिचा शब्द म्हणजे शेवटचा. तिने वाटीभर पाण्यात केसरच्या दुधाचे चार थेंब पिळायला लावले. थेंब पाण्यात पसरले. जनीने मान हलवली आणि निकाल दिला, की दूध पातळ आहे, त्यात जोर नाही, हिला सकाळ-संध्याकाळ मुशी घाला.

मुशी हा मासा घाटावरच्या लोकांना ठाऊक नसतो. लहान जातीचा शार्क तो, खवलं नाहीत, काट्यांचा त्रास नाही. कोळ्याच्या घरात बाळंतिणीला मुशी घालायची हे कुणी कुणाला शिकवत नाही. मुशीने दूध उतरतं, हे सगळ्यांना जन्मजात ठाऊक असतं. शिवदासने त्या दिवसापासून जाळ्यात आलेली एकही मुशी बाजारात जाऊ दिली नाही. वेणूबाई आलं-लसूण घालून तिचं कालवण करायची, केसरसमोर बसायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत उठायची नाही. केसर आवडीने खायची. पोराचं दुखणं वाढलं की वेणूबाई मुशी वाढवायची, आणि मुशी वाढली की दुखणं वाढायचं. तुम्हाआम्हाला हे आता सरळ दिसतं. घरात बसलेल्या माणसाला दिसत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष लंगोटाकडे असतं.

अशात शिवदासचे चुलते रावजी वारले. म्हातारे होते, दम्याने वर्षभर अंथरुणाला खिळले होते. भावकीला दहा दिवसांचं सुतक आलं. होड्या वर ओढल्या, चुलीवर फोडणी बंद, मासळी बंद. मीठ-भात, वरण, कुळथाचं पिठलं, एवढ्यावर घर चाललं. दहा दिवस बिनमासळीचे म्हणजे कोळ्याला शिक्षाच, पण मेलेल्या माणसासाठी ती कुरकुरत का होईना सोसायची असते.

पाचव्या दिवशी लंगोटात एकच दोरा निघाला. आठव्या दिवशी लंगोट स्वच्छ. गालांवरचं पाणी सुकून खपली धरली, आणि पोर पिऊन झाल्यावर किंचाळायचं सोडून चक्क झोपलं. वेणूबाईच्या जिवात जीव आला. रावजीभावजींनी जाताना पोराची पीडा आपल्याबरोबर नेली, असं तिने दारोदार सांगितलं. त्याच रावजीशी वेणूबाईने होडीच्या जागेवरून नऊ वर्षं अबोला धरला होता, पण आता त्यांच्या नावाने हात जोडताना तिला त्याची आठवण राहिली नाही.

सुतक फिटलं. भावकी एकत्र जेवायला बसली आणि मासळीवर अशी तुटून पडली की बघत राहावं. केसरला दोन वाट्या मुशी मिळाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने लंगोट काढला आणि तो सासूच्या पुढे केलाच नाही. हातात धरून बसून राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "सुतकात आपन मासळी खाल्ली न्हाय."

वेणूबाईला त्या एवढ्याशा वाक्याचा अर्थ एका क्षणात कळला. कळला म्हणूनच तिला राग आला. कोळ्याच्या पोराला मासळी बाधते म्हणजे काय, उद्या पाणी बाधतं म्हणशील, असं ती तोडून बोलली आणि पाटी उचलून बाजाराला गेली. पण त्या दिवशी तिचं विक्रीत लक्ष लागलं नाही. गिऱ्हाइकांनी वाटे मनासारखे करून घेतले आणि तिने करू दिले.

शिवदास मात्र बायकोचं ऐकून दोघींना बोर्लीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर चष्मेवाला, थोडकं बोलणारा. त्याने पोराला उघडं करून सगळे चट्टे बघितले, पोट दाबून बघितलं, केसरचं सुतकाचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि तो हसला नाही. म्हणाला, काही मुलांना एखादं अन्न सोसत नाही, आणि आई जे खाते त्याचा अंश दुधातून पोराला जातो. मासळीच असेल असं मी छातीठोक सांगत नाही, पण एक महिना ओली-सुकी सगळी मासळी बंद करून बघा. दूध मात्र आईचंच पाजा, ते तोडू नका. मग घरातलं खाणं कुणाच्या हातात असतं हे ओळखून तो वेणूबाईकडे वळला.

"आजी, एक कणसुद्धा हिच्या पोटात जाता कामा नये. भांडं वेगळं, पळी वेगळी. कळलं?"

वेणूबाईने मान हलवली. कळलं होतं तिला. ती काही कमी अकलेची बाई नव्हती.

घरी आल्यावर केसरचं भांडं वेगळं झालं. ती भात, वरण, पिठलं, भोपळ्याची भाजी खायची आणि घरची माणसं मासळी खायची. आठवड्यात पोराचे गाल सुकायला लागले, लंगोटातले दोरे कमी झाले. कुणालाही वाटावं की आता सुटलो. पण केसर वाळली. गालांची हाडं दिसायला लागली. पोर दर घटकेला प्यायला मागायचं, चार घोट ओढून रडायचं, परत मागायचं. शेजारणी येऊन केसरच्या अंगाकडे बघायच्या आणि वेणूबाईकडे बघून ओठ मुडपायच्या. जनी सुईण तर दारातच उभी राहून म्हणाली, की डॉक्टरला काय ठावं कोळ्याचं दूध, ते आटलं की पोर गेलं म्हणून समज.

पोर गेलं. हे शब्द वेणूबाईने आधी एकदा ऐकले होते.

शिवदासच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. बत्तीस वर्षं झाली त्याला. सदा त्याचं नाव. त्याचेही गाल असेच लाल झाले होते, तोही असाच पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा, आणि त्याच्या लंगोटातही हेच दोरे निघायचे. त्या वेळी जनीची सासू सुईणपण करायची. तिनेही दुधाचे थेंब पाण्यात टाकले होते आणि मुशी घालायला सांगितलं होतं. तरुण वेणूने मुशी खाल्ली. सकाळी खाल्ली, संध्याकाळी खाल्ली, पुढे पुढे नुसत्या वासाने तिला उमळून यायचं तरी खाल्ली. पाचव्या महिन्यात एका सकाळी पोर तिच्या मांडीवर गेलं. आदल्या दिवशी तिने अर्धी वाटी तशीच टाकली होती. सुईण म्हणाली, दूध पुरं पडलं नाही. आणि वेणूबाईने ती अर्धी वाटी बत्तीस वर्षं मनात जपून ठेवली. शिवदासच्या वेळी तिने एक वाटी टाकली नाही, आणि शिवदास खडखडीत वाढला. तिला यापेक्षा वेगळा पुरावा नको होता.

आणि केसरचं खरं असेल तर? तर मग सदाचं काय? हा प्रश्न कधी कधी तिच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहायचा. ती त्याला आत घ्यायची नाही.

एका दुपारी केसर पोराला घेऊन पडली होती. वेणूबाईने सुकी मुशी निखाऱ्यावर भाजली, खलबत्त्यात पिठासारखी कुटली आणि लहान डब्यात भरून लाकडांच्या मागे ठेवली. कोळ्याचं घर ते, सुक्या मासळीचा वास भिंतींनाच असतो, कुणाला वेगळं काय कळणार. केसरच्या वेगळ्या भांड्यातल्या पिठल्यात तिने त्यातली चिमूट घातली, वरून लसूण आणि तिखट जास्त टाकलं. आपण चोरी करतोय असं तिला वाटलं नाही. पोराला मरणातून ओढून काढतोय असं वाटलं.

केसरने पहिला घास घेतला आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू दिसलं.

"आत्या, आज पिठलं लई ग्वाड झालंय," ती म्हणाली आणि तिने परत वाढून घेतलं.

अंग मागत होतं, ते मिळालं, असं वेणूबाईने मनाशी धरलं. दुसऱ्या दिवशी चिमटीच्या दोन चिमट्या झाल्या. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी केसरची हाक आली ती वेगळीच होती. वेणूबाई धावत आत गेली. पोराच्या पापण्या सुजून डोळे मिटले होते. अंगभर गांधी उठल्या होत्या. प्यायलेलं सगळं ओकलं होतं आणि लंगोट दोऱ्यांनी नव्हे, रक्ताने भिजला होता. पोर रडतही नव्हतं. किंचाळण्याची इतके दिवस भीती वाटत होती, आता ते गप्प आहे याची वाटायला लागली. दुपारपर्यंत ते चिंधीसारखं पडून राहिलं. केसर त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती, श्वास चालू आहे की नाही हे बघत, आणि वेणूबाई त्या हाताकडे बघत उभी होती. ती भिंतीला धरून खाली बसली. तिला तिचीच मांडी आठवत होती, बत्तीस वर्षांपूर्वीची.

शिवदास होडीवरून आला. पोराला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बोर्लीला धावत गेला तर दवाखान्याला कुलूप. डॉक्टर मुंबईला गेलेला, शनिवारशिवाय येणार नव्हता. परत आल्यावर त्याने भीतीचा सगळा राग बायकोवर काढला. काय खाल्लंस, खरं सांग, असं त्याने दहादा विचारलं. केसरने खाल्लेलं सगळं सांगितलं. त्याला पटेना. तव्यावर मांदेली तळताना तू बघत उभी असतेस, ते मला दिसतं, असंही तो बोलून गेला. तेव्हा केसरने पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि मासळीला शिवले असेन तर हे जाईल, असं म्हणाली. पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणारी आई त्या वाड्यात कुणी ऐकली नव्हती. वेणूबाई चुलीकडे तोंड करून बसली होती, ती वळली नाही.

मासळी खाल्ली नाही आणि तरी पोर असं झालं, तर मग मासळीचा दोष नाही, असं शिवदासने मनाशी ठरवलं. डॉक्टर चुकला. हिचं दूधच वाईट. म्हशीचं दूध आणू, आणि केसरला माहेरी पाठवू म्हणजे पोर तिच्याकडे ओढणार नाही. असं तो एकदा बोलला आणि मग त्याच्या मनाने तेच घेतलं.

वेणूबाईने त्याच संध्याकाळी डबा खाडीत रिकामा केला. आपण घालायचं थांबवलं, आता पोर आपोआप सुधारेल, कुणाला कळायची गरज नाही, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस भ्यायला की असलेच हिशोब करतो. पण इतके दिवस उंबऱ्याशी थांबलेला प्रश्न आता न विचारता आत येऊन बसला होता. सदाला तिने दिवसातून दोनदा तेच दिलं होतं जे या पोराला चार दिवस दिलं. ज्या अर्ध्या वाटीसाठी ती बत्तीस वर्षं रडली, ती टाकली नसती तर बरं झालं असतं असं नव्हे; बाकीच्या सगळ्या टाकायला हव्या होत्या. मुलाच्या रागाची तिला फारशी भीती नव्हती. आपण तोंड उघडलं की हे सगळं खरं होईल, याची होती.

इकडे केसरला काहीच ठाऊक नव्हतं. तिने कुठलं अन्न धरावं? मासळी सोडूनही पोर असं झालं, म्हणजे दुसरं काहीतरी बाधतंय, एवढंच तिला दिसत होतं. पहिल्या दिवशी तिने कुळीथ सोडला. दुसऱ्या दिवशी डाळ सोडली, मिरची सोडली, खोबरं सोडलं. पोर तसूभर बरं होतं, पण तिचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता. भात उकडायच्या पाण्याकडे ती संशयाने बघायची. तिसऱ्या दिवशी वेणूबाईने मीठ-भाताची ताटली पुढे ठेवली, तर ती तिने हाताने लांब सारली.

"भात बी असंल," ती म्हणाली.

दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. शिवदास म्हशीच्या दुधासाठी पितळी लोटा घेऊन निघाला होता. केसरने पोराला दुपट्यात गुंडाळलं आणि त्याच्याकडे बघत अगदी शांतपणे बोलली. तिचा तो शांतपणा वेणूबाईला सहन झाला नाही.

"आना दूध. मी जाते माहेरी. माज्याच अंगात ईख हाय."

"न्हाय," वेणूबाई म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की दोघांनाही तो नीट ऐकू आला नाही. तिने चुलीच्या कठड्याला धरलं आणि परत बोलली. "ईख तुज्या अंगात न्हाय, पोरी. पिठल्यात व्हतं. सुकी मुशी कुटून मी घातली."

शिवदासने लोटा खाली ठेवला. आईकडे बघितलं, नुसतं "आये" एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन जाळ्यांच्या ढिगावर बसला. पुढे आठ दिवस तो आईशी बोलला नाही.

केसर ओरडेल, छाती पिटेल, अंगावर धावून येईल, असं वेणूबाईला वाटलं होतं. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. केसरने फक्त विचारलं, किती वेळा. चार दिवस, वेणूबाईने सांगितलं. दर खेपेला किती? चिमूट, मग दोन चिमट्या. शेवटचं कधी? सोमवारी. केसरने बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, आज गुरुवार.

"मंग कुळीथ न्हाय," ती स्वतःशीच म्हणाली. "डाळ न्हाय. भात बी न्हाय."

आणि तिने मघाशी सारलेली ताटली ओढली आणि त्या गार भाताचे घास भराभरा तोंडात कोंबायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही ती थांबली नाही. तीन दिवसांची अर्धपोटी होती ती. वेणूबाईला पाणी द्यावंसं वाटलं, पण तिच्या हातून तांब्या उचलवला नाही.

त्या दिवसापासून केसरने परसात तीन दगड मांडले आणि नव्या मडक्यात आपलं आपण शिजवायला लागली. तांदळाचा डबाही तिने वेगळा केला आणि तो उशाशी घेऊन निजायची. चूल सासूच्या हातातून गेली, असं आळीत झालं. त्यामागचं कारण कुणालाच कळलं नाही, केसरने ते सांगितलं नाही. वेणूबाईने एका शब्दाने तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. तिला आपल्याच हातांची धास्ती बसली होती. बाजारातून आली की राखेने कोपरापर्यंत हात घासायची, लुगडं बदलायची, आणि तरी पोराला घे म्हटलं तर लांबूनच बघते म्हणायची.

शनिवारी डॉक्टरने पोराला तपासलं. केसरने त्याला, चुकून पोटात गेलं, एवढंच सांगितलं. वेणूबाई तिच्या मागे उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. डॉक्टर म्हणाला की आता खात्रीच पटली म्हणायची, आणि पोर मोठं झालं तरी विचारल्याशिवाय त्याच्या तोंडात मासळी घालू नका. पुढचे दहा दिवस घरातलं कुणी नीट जेवलं नाही. सूज उतरली, गांधी गेल्या, पण लंगोटातला दोरा जाता जाईना. एक दिवस नसायचा, दुसऱ्या दिवशी परत दिसायचा, आणि तिघांचेही जीव परत टांगणीला लागायचे. अकराव्या दिवशी लंगोट स्वच्छ निघाला, बाराव्या दिवशी निघाला, तेराव्याही निघाला. केसरने तो स्वच्छ लंगोट आणून पूर्वीसारखा सासूच्या पुढे धरला. वेणूबाईने तो बघितला, आणि ती आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढे एका दुपारी केसर ओटीवर बसून पोराला पाजत होती. कोपरांच्या खोबणीत अजून थोडे चट्टे होते, पण पोर डोळे मिटून शांतपणे पीत होतं. वेणूबाई चार हातांवर जाळं विणत बसली होती. शिवदास होडीवर गेला होता.

जनीआजी म्हणत होती की तुमचा पहिला पण असाच होता, खरं का, असं केसरने खाली बघतच विचारलं. वेणूबाईचा हात थांबला. मग तिने सगळं सांगितलं. बत्तीस वर्षांत सदाबद्दल ती इतकं कुणाशी बोलली नव्हती, काळूरामशीसुद्धा नाही. गाल कसे होते ते सांगितलं, वाटीतलं पाणी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ काय खाल्लं ते सांगितलं, आणि तो मांडीवर कसा गेला तेही. सांगून झालं तेव्हा वेणूबाईला धाप लागली होती.

"तुमाला कुनी सांगितलं नव्हतं, आत्या," केसर म्हणाली.

वेणूबाईने तिच्याकडे बघितलं. केसरने हे मनापासून म्हटलं होतं, हे तिला दिसत होतं. सदाच्या बाबतीत ते खरंही होतं.

"या खेपेला सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

केसरने पोराला उचललं आणि दुसऱ्या बाजूला पाजायला घेतलं.